वालाच्या वेलाखालचा अँटेना

कापसाचे दिवस आले की माझ्या कोपरांना खाज सुटते. आता मी यवतमाळात राहते, तिसऱ्या मजल्यावर. घरात कापूस म्हणाल तर देवाच्या वातीपुरता. तरी दिवाळी उरकून हवा कोरडी झाली की हात आपोआप कोपराकडे जातो. नवरा म्हणतो, तेल लाव. हे तेलानं जाणारं नव्हे, हे त्याला कितीदा सांगितलं. दारव्हा रोडनं कापसाच्या गाड्या जायला लागतात, ताडपत्रीच्या कडेनं निसटलेले पुंजके बाभळींना अडकून राहतात, आणि मला कुठंतरी जायचं राहिलंय, कुणाला तरी हाक मारायची राहिलीय असं दिवसभर वाटत राहतं. एका जागी बसवत नाही. टीव्ही लावला तर रिमोट हातातून सुटत नाही, आणि पाहत तर काहीच नसते मी.

यंदा त्यात आणखी एक निमित्त झालं. आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या जुन्या, बंद पडलेल्या छत्र्या काढून टाकायचं ठरलं. छत्री म्हणजे टीव्हीची, आकाशाकडे तोंड करून बसलेली ती ताटली. कुणाकुणाच्या आहेत ते बघायला मी वर गेले. एका गंजक्या छत्रीत कबुतरांनी काड्या जमवल्या होत्या. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि एकदम, कुणी नसताना, खाली तोंड करून विचारलं, "आलं का?" खालून अर्थातच कुणी उत्तर दिलं नाही. पाण्याच्या टाकीमागं कपडे वाळत घालणाऱ्या कुलकर्णीकाकूंनी मात्र मान वळवून पाहिलं. मी खोकल्यासारखं केलं आणि खाली आले.

ही हाक माझ्या कॉलेजच्या दिवसांतली. तेव्हा आम्ही दिग्रसजवळच्या आमच्या गावात होतो आणि मी अकरावीला होते. कापसाचं सगळंच बिनसलेलं होतं त्या वर्षांत. भाव नाही, सरकारी खरेदी कधी सुरू होणार त्याचा पत्ता नाही. आज होईल, सोमवारी होईल, अमुक साहेब आले की होईल, असं रोज नवं कानावर यायचं. वेचलेला कापूस व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यायचा नाही असं बाबांनी ठरवलं, म्हणून तो घरात आला. पुढच्या खोलीत, छतापर्यंत. आमच्या घरात तेवढ्याच खोलीवर स्लॅब होता, बाकी कवेलू, म्हणजे कौलं. त्यामुळं कापूसही तिथंच, टीव्हीही तिथंच. दारापासून टीव्हीपर्यंत एक पायवाट ठेवलेली, तिच्या कडेला आम्ही चटईवर बसायचो आणि पाठीमागं तो सगळा पांढरा ढीग. दुपारी त्या खोलीत उबेचा एक जाड वास भरलेला असायचा, सरकीचा, मातीचा, वाळल्या पानाच्या चुऱ्याचा. आणि त्यातले ते बारीक किडे. कोपरांवर, मानेवर, पोटरीवर. खाजवत खाजवत मी अभ्यास करायची. आई देवाचा दिवासुद्धा मागच्या पडवीत नेऊन लावायची. बिडी ओढणारा पाहुणा आला तर बाबा त्याला अंगणातच खाट टाकून देत आणि तो जाईपर्यंत त्याच्या बोटांकडे पाहत राहत.

बाबांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं, आणि त्या वर्षी तर नाहीच. शेतातून आले की पार, पारावरून घर, घरातून पुन्हा रस्त्यावर. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली की मात्र ते थेट स्लॅबवर चढायचे, कारण आमचा अँटेना हा वरून कुणी हात लावल्याशिवाय चालतच नव्हता.

अँटेनाचे दोन शत्रू होते, वारा आणि वांदरं. वाऱ्यानं तो फिरायचा, वांदरं त्याला धरून झोके घ्यायची. टॉवर नेमका कुठं आहे यावर गावात एकमत नव्हतं. बाबांच्या मते पुसदकडं, शेजारच्या मास्तरांच्या मते यवतमाळकडं, त्यामुळं एकाच गल्लीतले दोन अँटेने एकमेकांकडे पाठ करून उभे असत आणि दोघांकडेही पडद्यावर सारख्याच काळ्या-पांढऱ्या मुंग्या दिसत. चॅनेल म्हणाल तर दोन. त्यातलं एक दिसायचं आणि दुसरं ऐकू यायचं. संध्याकाळी अर्धा तास नागपूरच्या दूरदर्शन केंद्राचा कार्यक्रम लागायचा, शेतीचा, गाण्यांचा, आपल्याकडच्या लोकांचा. तो बाबा चुकवत नसत. मुंबईच्या माणसाला कापूस म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं ते म्हणत.

तर बाबा वर, आणि खाली टीव्हीसमोर मंदाआत्या. मंदाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तिचा आवाज असा होता की ती पडवीत बोलली की विहिरीवर समजायचं. वरून बाबा ओरडायचे, "आलं काय?" आणि खालून ती, "नाई. मुंग्या हायेत." मग जरा वेळानं, "आलं, आलं," आणि लगेच, "गेलं." पुन्हा वरून लोखंडाची करकर. आख्ख्या गल्लीला कळायचं की आता आमच्याकडे बातम्या लागल्या.

मला त्या आरड्याओरड्याची मौज वाटायला हवी होती. पण त्या वर्षी मी ते कान देऊन ऐकायची आणि घाबरून असायची. कारण तेवढं सोडलं तर बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलतच नव्हते.

झालं होतं असं. भुलाबाईच्या दिवसांत आमच्याकडे पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, मग त्या घरचा खाऊ डब्यात झाकून आणतात आणि तो काय असेल ते बाकीच्यांनी ओळखायचं असतं. मोठ्या बायका खरं तर नुसत्या बसून ऐकतात. पण आत्या म्हणायला लागली की पोरी गप्प व्हायच्या आणि खाऊ ओळखायचाच राहून जायचा. बचत गटाच्या कुणा मॅडमनं ते ऐकलं आणि नागपूरच्या केंद्रासाठी गावातल्या चौघीपाचजणींना न्यायचं ठरवलं. बाबा तेव्हा फवारणीसाठी शेतातच मुक्कामाला होते. आत्यानं आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगायचं होतं. आईला वाटलं, रात्री येतील तेव्हा सांगू. ते आले नाहीत, आणि पहाटेच्या एसटीनं आत्या गेली. बाबांना कळलं ते पारावर, दुसऱ्याच्या तोंडून, तेही हसत हसत, की बापा, तुमची बहीण टीव्हीत गेली आन् तुमाले माहीत नाई?

बाबांनी ना आरडाओरडा केला, ना जाब विचारला. आत्या परत आली, पिशवीतून संत्री काढली, भाऊ, घे म्हणाली, आणि बाबा उठून गोठ्यात गेले. बस. तेव्हापासून जेवायला बसले की ते तिच्याकडे न पाहता जेवायचे. तिला काही सांगायचं तर मला सांगायचे, ती माझ्या शेजारी उभी असली तरी. बाबांना बाईमाणसानं गाण्याचं काही वावडं नव्हतं, हे मला आजही ठामपणे वाटतं. आपल्याला सांगायच्या लायक समजलं नाही, हे त्यांना लागलं होतं. आणि आत्याही त्यांचीच बहीण. मी वहिनीपाशी सांगून गेली होती, म्हणायची, आता पाया पडू काय. तिला फक्त एकच हवं होतं. तो कार्यक्रम लागेल तेव्हा भावानं एकदा समोर बसून पाहावा. पाहिलं की राग जाईल, अशी तिची खात्री होती. ते तिनं आईला सांगितलं, आईनं मला. पण कार्यक्रम कधी लागणार ते केंद्रवाले सांगत नव्हते. दसरा गेला, भुलाबाईचं विसर्जन झालं, दिवाळी गेली, घरात कापूस शिरला, तरी पत्ता नाही.

म्हणजे आमच्या घरात दोन वाटा पाहणं चाललं होतं. बाबा खरेदीची वाट पाहत होते आणि आत्या कार्यक्रमाची, आणि दोघंही त्याच एका टीव्हीकडे डोळे लावून. मधल्या वेळात त्यांच्यात एवढंच, "आलं काय?" "आलं." "गेलं."

त्याच सुमारास गावात छत्रीची हवा आली. एकदा बसवली की फुकट, महिन्याचं काही नाही, आणि चॅनेल दोन्ही हातांच्या बोटांवर मावणार नाहीत इतके. पानठेल्यावर दोन पक्ष पडले. अँटेनावाले म्हणत, पावसात छत्री बंद पडते. छत्रीवाले म्हणत, पाऊस पडतोच कुठं आपल्याकडे. बाबा कुठलीही गोष्ट चटकन ठरवणारे नव्हेत. रोज दिग्रसला माझ्या कॉलेजच्या बसनं यायचे, दुकानासमोर उभे राहायचे, दुकानदाराला तेच तेच विचारायचे आणि संध्याकाळी हात हलवत परत. घरी येऊन आईला विचारायचे, मास्तरांना विचारायचे, मला विचारायचे. आत्याला सोडून सगळ्यांना विचारून झालं. मला विचाराल तर छत्रीच हवी होती. मैत्रिणींकडे हिंदी गाणी लागायची, आणि माझ्याकडे मुंग्या.

आत्यानं एकदाच तोंड उघडलं, तेही चुलीपुढं बसून, माझ्याकडे पाहत. "त्याले विचार वं, नागपूर दिसन काय छत्रीवर?"

बाबा दारातच होते. तेही माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, दिल्ली-मुंबई दिसते म्हणते, नागपूर काहून नाई दिसणार? नागपूर तं जवळ हाये."

यात चूक आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मलाही नाही, आणि मी सायन्सला होते.

छत्री एसटीच्या टपावर बांधून आली. बसवणारा माणूस सोबत आला होता. त्यानं तिचं तोंड आग्नेयेकडे केलं, नट आवळले आणि खाली उतरून म्हणाला, आता वर जायचं कामच नाही. खरंच नव्हतं. चित्र असं लख्ख की निवेदिकेच्या साडीची जर दिसावी. बाबा रिमोट घेऊन बसले. एक चॅनेल, दुसरं, तिसरं. बातम्याच बातम्या, कुठल्या कुठल्या भाषांत. बर्फ पडल्याची, शेअर बाजाराची, क्रिकेटची. आमची खरेदी कधी सुरू होणार ते कुणीच सांगत नव्हतं. बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांचा अंगठा थांबत नव्हता आणि पाय हलत राहायचा, आणि मागच्या ढिगातला कापूस त्या हलण्यानं एकेक पुंजका खाली सोडत राहायचा.

वरून विचारायचं काही उरलं नाही, त्यामुळं खालून सांगायचंही. संध्याकाळी टीव्हीच्या वेळेला आत्या खोलीच्या दारापर्यंत यायची, उभी राहायची आणि परत जायची. घरात इतकी शांतता झाली की मला सरकी तडकल्याचंही ऐकू यायचं. मला ती सहन व्हायची नाही. मी उगाच भांडी आपटायची. इतके दिवस मागून मागून मिळालेली हिंदी गाणी समोर चाललेली असायची आणि मी अंगणात फेऱ्या मारायची.

अँटेना आईनं मागच्या परसात नेला. वालाचा वेल वर चढायला काही शोधत होता. तिनं तो बांबूसकट जमिनीत रोवला आणि वेलानं त्याच्या दांड्या पकडून घेतल्या. थंडी पडली तसा तो जांभळ्या फुलांनी आणि शेंगांनी भरला. पाहणाऱ्याला आत अँटेना आहे हे सांगावं लागायचं.

मग एका दुपारी मास्तरांकडे फोन आला. बचत गटाच्या मॅडमचा. आज संध्याकाळी दाखवणार आहेत, गाववाल्यांना सांगा. आत्यानं त्या दिवशी लवकर अंगण झाडलं, तोंड धुतलं, संत्र्याच्या रंगाचं लुगडं नेसली. लाइन जाऊ नये म्हणून आई देवाला हात जोडून आली. बाबांना कुणी काही म्हणालं नाही, पण ते त्या दिवशी पारावर गेले नाहीत. वेळेच्या आधी येऊन चटईवर बसले. मी पाहिलं, त्यांनी पायसुद्धा स्थिर ठेवला होता. आत्या दारात. तिला आत बसवत नव्हतं.

वेळ झाली. नेहमीचं चॅनेल, मराठीच. आणि समोर आला नारळ. कोकणातले एक काका नारळाला खत कसं घालावं ते सांगायला लागले. आम्ही वाट पाहिली. संपेल, मग लागेल. काका झाडाभोवती आळं करून दाखवत होते. बाबांनी पुढचं चॅनेल लावलं, मागचं लावलं, परत आले. नारळच.

आत्या म्हणाली, "हे नागपूर नोहे."

एवढंच म्हणाली. वळून आत जायला लागली. तेवढ्यात बाहेरून मास्तरांचा मुलगा ओरडत गेला की लागलं, आमच्याकडे लागलं. मास्तरांनी छत्री घेतली नव्हती. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या अर्ध्या तासात आपल्याकडचे टॉवर नागपूर दाखवतात, त्या अर्ध्या तासात छत्री मुंबईच दाखवत राहते. नागपूर आकाशात जातच नाही.

मला वाटलं बाबा मास्तरांकडे जातील. दोन घरं पलीकडे तर होतं. आईनंही तेच म्हटलं. पण बाबांना तिथं जाऊन, पारावरचे सगळे बसलेले असताना, मागं उभं राहून आपल्या बहिणीला पाहायचं नव्हतं. पुन्हा एकदा दुसऱ्याच्या घरून कळायचं नव्हतं, असं मला आता वाटतं. ते उठले आणि परसात धावले. मी मागं. त्यांनी वालाचा वेल दोन्ही हातांनी ओढून काढायला सुरुवात केली. शेंगा, फुलं, पानं सगळं खाली. आई नुसती पाहत राहिली. बांबू जमिनीतून निघेना, तेव्हा त्यांनी वरून अँटेनाच उपसला आणि अर्धा वेल अंगावर लोंबत असताना स्लॅबवर चढले. स्लॅबवरच राहिलेली जुनी वायर दातांनी सोलली. मी खाली टीव्हीच्या मागं शिरून छत्रीची पिन उपटली आणि अँटेनाची खुपसली. वर बांधायला काही नव्हतं. बाबांनी तो हातातच धरला, डोक्यावर उंच करून.

आणि वरून आवाज आला, "मंदे, आलं काय?"

आजवर ते नुसतं आलं काय विचारायचे. नाव घेऊन विचारलं नव्हतं, कितीतरी दिवसांत.

आत्या दारातून आत धावली, कापसात पाय घालत. "मुंग्या हायेत. जरासा पुसदकडं."

"आता?"

"गेलं. मास्तर म्हणते तसा यवतमाळकडं कर."

बाबांनी इतकी वर्षं मास्तरांची दिशा मानली नव्हती. त्यांनी ती मानली. मुंग्यांतून आधी आवाज आला, मग चित्र. पिवळ्या पडद्यासमोर गावातल्या बायका बसलेल्या आणि मधोमध आमची आत्या, डोक्यावरचा पदर सावरत.

"आलं. आलं भाऊ. आता हालू नको."

बाबा हलले नाहीत. मी बाहेर येऊन पाहिलं. सूर्य खाली गेला होता, थंड वारा सुटला होता, आणि आमचे बाबा, ज्यांना घटकाभर खाटेवर बसवत नव्हतं, ते दोन्ही हात वर करून जागच्या जागी उभे होते. खांद्यावर वालाची शेंग लोंबत होती. खाली त्यांच्या पायाखालच्याच खोलीत आईनं टीव्हीचा आवाज जाईल तितका मोठा केला होता. आत्याचं गाणं गल्लीत पसरलं. टीव्हीतली आत्या गात होती आणि टीव्हीसमोरची आत्या पाहतही नव्हती, तिचे डोळे छताकडे होते. मध्येच चित्र थरथरलं तेव्हा ती ओरडली नाही. थांबली. वरच्या हातांनी आपणच ते सावरलं.

ज्यांनी पाहावं म्हणून ती इतके दिवस झुरली, त्या बाबांनीच तेवढं घरात ते पाहिलं नाही. पाहायला खाली यावं तर खाली काही दिसणार नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं. मी कोपर खाजवत उभी राहिले.

कार्यक्रम संपला. जाहिराती सुरू झाल्या. बाबा उतरले नाहीत. आत्या अंगणात आली, वर पाहिलं आणि म्हणाली, "गेलं, भाऊ. उतर आता."

ते उतरले तेव्हा त्यांच्या तळहातांवर दांड्यांचे लाल वळ होते. बराच वेळ मुठी उघडझाप करत राहिले. आई तोवर परसात पडलेल्या शेंगा ओच्यात वेचत होती.

त्या कापसाचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. गेला तो, जसा सगळ्यांचा गेला. खोली रिकामी झाली, तरी भिंतीच्या खपल्यांत पुंजके कितीतरी दिवस सापडत राहिले. अँटेना बाबांनी नीट बांबूला बांधून पुन्हा वर लावला, छत्रीच्या शेजारी. त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी मात्र आम्ही कापसाच्या ढिगाशेजारी चटईवर जेवायला बसलो. वालाच्या शेंगांची भाजी होती, बरीचशी कोवळी, इतक्यात तोडायची नसलेली. बाबा खाली मान घालून जेवत होते. अर्धी भाकरी झाल्यावर ताटाकडेच पाहत म्हणाले, "मंदे, दुसरं गाणं जरा मोठ्यानं म्हणाचं होतं. वर नीट आयकू नाई आलं."

आत्याचा वाढता हात थांबला.

"पुढच्या टायमाले म्हणीन," ती म्हणाली. "तुले सांगूनच जाईन."

बाबांनी ताट पुढं केलं, आणि तिनं भाजी वाढली.